लुमाचं टोपलं

शेवरी नदी आजच्या कितीतरी पट खोल होती आणि आजच्या निम्मीही रुंद नव्हती, त्या काळातली ही गोष्ट. सन आणि साल विचारू नका, ते आम्हाला ठाऊक नाही. आमच्या दाभणशेतात जुना काळ नदीवरूनच सांगायची पद्धत आहे. एखाद्याचा खापरपणजा केव्हाचा, असं विचारलं तर म्हातारी माणसं म्हणतात, डोहात बांबू घातला तर तळ लागत नव्हता तेव्हाचा. आता त्याच डोहात गुडघाभर पाण्यात म्हशी बसतात.

गावं आपल्या नावाजलेल्या माणसांच्या गोष्टी छाती पुढे काढून सांगतात. आम्ही ही गोष्ट मान खाली घालून सांगतो. ऐकणाऱ्यांनीही जरा वाकूनच बसावं, म्हणजे बरं.

तर दाभणशेताच्या दोन वाड्या. खालची वाडी नदीच्या काठाला, वरची पालखणा डोंगराच्या उतारावर. पावसाळ्यात दोन्हीकडे पाणीच पाणी. पण दिवाळी सरली की वरच्या वाडीचे झरे बारीक होत, आणि शिमग्यानंतर तिथल्या बायका हंडे घेऊन नदीवर उतरत आणि पुन्हा चढत. खालच्या वाडीत नदीच्या पाण्यावर भाताचं दुसरं पीक निघे. त्याला आमच्याकडे वायंगण म्हणतात. वरच्या वाडीने वायंगण फक्त वरून पाहिलं होतं. त्या वाडीत मुलगी द्यायची म्हटली की बाप शंभरदा विचार करायचा, कारण दिलेल्या पोरीचं आयुष्य हंडा वाहण्यात जायचं.

त्या वरच्या वाडीत लुमा जन्मला. असं म्हणतात, की तो जमिनीला कान लावून आत पाणी कुठे वाहतंय ते सांगायचा. लहानपणी आई त्याला बांधावर निजवून लावणीला जायची, तेव्हापासून त्याला मातीतलं ऐकायची सवय लागली होती म्हणे. असेलही. मोठा झाल्यावर त्याने एक पहार घडवून घेतली. ती त्याच्याशिवाय कुणाला उचलत नसे, असंही म्हणतात.

पालखण्याच्या माथ्याजवळ, पलीकडच्या अंगाला, एक बारमाही झरा होता. त्याचं पाणी पलीकडच्या दरीत पडून जायचं. लुमाने ठरवलं, की ते पाणी अलीकडे आणायचं. त्यासाठी डोंगराच्या अख्ख्या कुशीतून आडवा पाट खणायला हवा होता. लोक हसले. लुमा पहार घेऊन वर गेला. कातळ आडवा आला की तो त्यावर लाकडं पेटवायचा, आणि कातळ तापला की वर गार पाणी ओतून फोडायचा. पुढे पुढे हसणारेच कुदळी घेऊन त्याच्या मागे गेले. आणि एके सकाळी लुमा डोंगरावरून चालत खाली आला, आणि पाणी त्याच्या मागून वासरासारखं चालत आलं. तो थांबला की तेही थांबायचं, असं म्हणतात. वाडीतलं सगळ्यात वरचं घर आवडाबाय नावाच्या बाईचं होतं. लुमा दम खायला तिच्या अंगणात टेकला, तर बोलता बोलता तिच्या अंगणाचं तळं झालं.

त्या वर्षी वरच्या वाडीत वायंगण पिकलं. बायकांचे हंडे उतरले. दुसऱ्या गावचे बाप आपण होऊन मुली सांगायला येऊ लागले. बाळकोजी मानकरी हा गावातला पहिल्या मानाचा माणूस. त्याची वरच्या वाडीला नुसती पड जमीन होती, तिचे भाताचे हिरवेगार कुणगे झाले. तेव्हा त्याने गावासमोर आपल्या घरचा एक मान लुमाच्या घराला दिला. तो मान होता नदीच्या ओटीचा.

या ओटीचं नीट ऐकून ठेवा, कारण पुढचं सगळं तिच्यावरून घडलं. श्रावणात शेवरीचं पाणी देवळाच्या पायऱ्यांना लागलं, की मानाच्या घरची सवाशीण नदीची ओटी भरायची. खण, तांदूळ आणि नारळ पाण्यात सोडायचा. मग पूर उतरून नारळ जर गावच्या हद्दीतच मिळाला, तर नदी तृप्त झाली असं धरायचे. मात्र तो नारळ ओटी भरणारीनेच हाताने उचलायचा, आणि तिने उचलला की मग सगळ्यांनी नदीत उतरायचं. मागे राहिलेले मासे हा नदीचा प्रसाद. लुमाची बायको सालू, तिच्याकडे आता ही ओटी आली. डोक्यावर हंडा घेऊन जी नदीवर यायची, ती आता हळदकुंकू घेऊन यायची, आणि खालच्या वाडीच्या बायका तिला वाट द्यायच्या. लुमाला त्याचं फार सुख वाटायचं.

अशी बरीच वर्षं गेली. मग एका वैशाखात लुमा पाट साफ करायला वर गेला होता. नदी जिथे दोन कातळांच्या मधून अंग चोरून निघते, त्या घळीच्या बरोबर माथ्यावर, पाटाच्या खालच्या अंगाला, त्याला जमिनीत एक भेग दिसली. डोंगराला आडवी, लांबच लांब. आत हात जाईल एवढी. लुमाने सवयीने जमिनीला कान लावला. आत पाणी वाहत होतं.

त्याला कळायचं ते तिथेच कळलं. खाली कातळ आणि वर माती असा तो डोंगर. पाटाचं पाणी इतकी वर्षं थोडं थोडं मुरत त्या दोघांच्या मधे शिरलं होतं. मधे पाणी गेलं की माती कातळाला धरून राहत नाही. ती फक्त मोठ्या पावसाची वाट बघत थांबते. पाट तिथल्या तिथे फोडायला हवा होता आणि खाली येऊन सांगायला हवं होतं.

लुमाने पाट फोडला नाही. पाट फोडायचा म्हणजे वरच्या वाडीचं वायंगण गेलं. बायकांच्या डोक्यावर पुन्हा हंडे आले. सालूची ओटी गेली. आणि गावासमोर उभं राहून म्हणायचं काय, की मी आणलेल्या पाण्याने डोंगर सुटलाय? त्याने चिकणमाती, भाताचा तूस आणि शेण कालवलं, आणि घरातली जमीन चोपावी तशी ती भेग चोपून बुजवली. वर गवताची ढेकळं बसवली. संध्याकाळी सालूने त्याचे हात पाहिले आणि विचारलं. तो म्हणाला, पाट गळत होता, बुजवला. हे काही अगदीच खोटं नाही, असं त्याने मनाला समजावलं. आणि मन अशा वेळी लगेच समजतं.

त्या श्रावणात जो पाऊस लागला, तसा पुन्हा लागला नाही असं म्हणतात. इरलं घेऊन बाहेर पडलेला माणूस इरल्यासकट वाहून जाईल असा. गुरं गोठ्यातून बाहेर निघेनात. शेवरी देवळाच्या पायऱ्या एकेक करून चढली. सालूने ओटी भरली, नारळ सोडला, आणि लोक हात जोडून काठावर उभे राहिले.

लुमा तेव्हा काठावर नव्हता. तो भेग बघायला वर गेला होता. त्याने चोपलेली माती कधीच धुऊन गेली होती, आणि भेगेत आता माणूस उतरला असता. तो बघत होता तोवर पायाखालची जमीन हलली. लुमा पाटातल्या कातळाला धरून राहिला, आणि त्याच्या डोळ्यांसमोर डोंगराची एक अख्खी कूस उभ्या झाडांसकट खाली निघाली. असं म्हणतात, की झाडं पडली नाहीत. ती उभ्यानेच चालत घळीत उतरली. मागून चिखल आला, त्यात घराएवढे धोंडे तरंगत होते. घळ काठोकाठ भरली. वरून येणारी शेवरी त्या ढिगाला येऊन धडकली आणि थांबली, आणि मागच्या मागे तुंबू लागली.

लुमा जीव घेऊन खाली पळत सुटला. पण डोंगर उतरायला वेळ लागतो, आणि तोवर गावात दुसरंच काही झालं होतं. भर पावसात नदी उतरली होती. बघता बघता पायऱ्या मोकळ्या झाल्या, मग काठ मोकळा झाला, मग तळाचे गोटे दिसू लागले. असं कुणी पाहिलं नव्हतं. पाऊस तर कोसळतोय आणि नदी कोरडी. आणि गोट्यांमधे सालूचा नारळ पडलेला. सालू खाली उतरली, तिने नारळ उचलून कपाळाला लावला, आणि सगळा गाव टोपल्या, झोळ्या, धोतरं, जे हाताला लागलं ते घेऊन नदीत उतरला. डबक्याडबक्यात मासे उड्या मारत होते. म्हाताऱ्याही लेकरांसारख्या हसत होत्या. नदी उतरली याचा अर्थ गावाला एकच ठाऊक होता, की ओटी पावली.

लुमा चिखलाने माखलेला काठावर पोचला. बाळकोजी मानकऱ्याने त्याला पाहिलं आणि मिठी मारली. सालूने त्याच्याकडे दिलेला तो नारळ त्याने लुमाच्या हातात दिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला,

"लुमा, तुज्या घरचा मान फळला बग."

आता इथे जे झालं, ते सांगताना आमच्याकडे आवाज आपोआप बारीक होतो. लुमा नारळ हातात धरून गप्प उभा राहिला.

त्याला वर काय झालंय ते ठाऊक होतं. समोर अख्खा गाव नदीच्या पोटात होता, मधोमध त्याची बायको पदर खोचून आवडाबायच्या धाकट्या लेकाबरोबर मासे वेचत होती. तोंड उघडायचा अवकाश. पण तोंड उघडलं की पहिला प्रश्न येणार, तुला कसं कळलं? डोंगर का बसला? हातात मानाचा नारळ घेऊन ते सांगायचं त्याच्याने होईना. त्याने मनाशी हिशेब केला, ढीग मोठा आहे, तो दम धरील. आधी यांना वर काढू, मग सांगू. न सांगताही निभेल कदाचित. तो म्हणाला,

"पुरं झालं आता, वर या. पाऊस वाडतोय."

लोक हसले. पाऊस तर केव्हापासून वाढत होता, त्यात नवीन काय? कुणीतरी त्याच्याकडे एक मोठी वाम मासळी दाखवून चेष्टा केली. सालूनेही हात हलवून जरा थांबा असं दाखवलं. लुमा थांबला.

तो किती वेळ थांबला, यावर आमच्याकडे अजून वाद होतात. कुणी म्हणतात, पान लावून तोंडात घालावं एवढाच वेळ. कुणी म्हणतात, भाताला कढ यावा एवढा. जेवढा होता तेवढा वेळ पुरला असता, एवढं मात्र सगळे मान्य करतात.

मग वाऱ्यावर ओल्या मातीचा वास आला. खोल विहीर खणताना येतो तसा, कधी उजेड न पाहिलेल्या मातीचा. तो नाकात जाताच लुमाच्या हातातून नारळ गळला. तो ओरडला,

"डोंगार बसलाय! वर नदी आडलीय, ती फुटली. भेग मी बगितली व्हती, मीच बुजवली."

लोक आधी नुसते बघत राहिले, आणि मग पळाले. सालू पळाली नाही. तिला ते हात आठवले असतील, शेणामातीचे. तिने मधोमध उभं राहून नवऱ्याकडे पाहिलं आणि विचारलं,

"मंग मगाधरनं गप का ऱ्हायलाव?"

सालूने उत्तराची वाट पाहिली नाही, ती वळली आणि हाताला येईल त्याला काठाकडे ढकलू लागली. पोरं, म्हाताऱ्या, टोपली न सोडणारे बाप्ये. आवडाबायचा धाकटा लेक घसरून पडला होता, त्याला उचलायला ती वाकली, आणि वळणावरून नदी आली. तिला नदी म्हणायचं, एवढंच. पुढे झाडं, झाडांमागे धोंडे, धोंड्यांमागे चिखल, आणि पाणी सगळ्यांच्या मागून रेटत होतं. तिने काठाला जुमानलं नाही. खालच्या वाडीची घरं उंबऱ्यासकट घेऊन गेली.

किती माणसं गेली तो आकडा आम्ही उच्चारत नाही. नावं मात्र पाठ आहेत, त्यात सालूचं आहे आणि आवडाबायच्या लेकाचं आहे.

पूर ओसरल्यावर उरलेला गाव देवळात जमला. बाळकोजीने लुमाला मधे उभं केलं. लुमाने सगळं सांगितलं, काही राखलं नाही. त्याला वाळीत टाकलं. त्याला कुणी पाणी द्यायचं नाही, विस्तव द्यायचा नाही, त्याच्याशी बोलायचं नाही. तो होय म्हणाला. कुणीही त्याची बाजू घेतली नाही, आणि सगळे जण खाली बघत होते. लुमाला वाटलं, रागामुळे ते आपल्याकडे बघत नाहीत. तसं नव्हतं, पण ते त्याला कधी कळलं नाही. लुमाने आपल्या हाताने पाट फोडला आणि घळीजवळ नदीकाठी झोपडी बांधून एकटा राहिला.

पण नदीने गावाला सोडलं नाही. पुढच्या वर्षी पाऊस बेताचा झाला, तरी शेवरी शेतात शिरली. त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा. लोकांनी देवीला गाऱ्हाणी घातली, कोंबडी दिली. निम्म्या पावसात पूर का येतो ते कुणाला कळेना. एके दिवशी लुमा पहार घेऊन डोहात उतरला आणि त्याने पहार खाली सोडली. ती वावभरही गेली नाही, खट्कन वाजली. तेव्हा त्याला उमगलं. डोंगर कोसळला तो एकदाच कोसळला नव्हता, तो नदीच्या पोटात येऊन बसला होता. गोटे, रेती, चिखल. भरलेल्या हंड्यात तांब्याभर ओतलं तरी बाहेरच सांडणार.

दुसऱ्या दिवसापासून लुमा नदी उपसू लागला. टोपल्यात गोटे भरायचे, काठावर न्यायचे आणि खालच्या वाडीच्या बाजूने रचायचे. दिवाळीपासून मिरगापर्यंत. पावसात काम थांबायचं, तेव्हा तो इरलं पांघरून डोंगरावर जाऊन बसायचा आणि जमिनीला कान लावायचा. असं म्हणतात, की त्याचे केस त्या मातीसारखे तांबडे झाले, आणि खांद्याच्या खळग्यात गवत उगवलं. असंही म्हणतात, की मिरगाचं पहिलं पाणी आलं तरी त्याचं टोपलं भरेपर्यंत नदी वळणावर थांबायची.

गाव काठावरून बघायचा. नदीवर आलेल्या बायका पाठ करून धुणं धुवायच्या. दर वर्षी पूर एक बोटभर कमी येत होता, ते सगळ्यांना दिसत होतं. तरी कुणी एक गोटा उचलायला खाली उतरलं नाही. उलट लुमाच्या नावाची शिवी झाली. कुठे बांध ढासळला, दरड आली, की म्हणायचे, लुमा आला. पोर रडायला लागलं की आया म्हणायच्या, गप बस, लुमा येईल. हे त्याला ऐकू जायचं, कारण त्याचे कान तिखट होते.

एक आवडाबाय तेवढी रोज एका दगडावर भाकरी ठेवून जायची. जिचा लेक गेला, ती. ती त्याच्याशी बोलायची नाही, त्याच्याकडे बघायचीही नाही. तोंड फिरवून भाकरी ठेवायची आणि निघून जायची. गावाने विचारलं तर म्हणायची, कावळ्यांना ठेवते.

लुमा म्हातारा झाला. मग पुन्हा तसाच एक श्रावण आला. पूर चढला, लोक घरात दारं लावून बसले होते, आणि एकाएकी नदी उतरू लागली. गोटे दिसले. मासे उडू लागले. खालच्या वाडीत तेव्हा नवी माणसं होती, पुष्कळांनी जुनं फक्त ऐकलं होतं. दोघेतिघे टोपल्या घेऊन काठापर्यंत गेलेही. तेवढ्यात डोंगरावरून हाक आली.

"लुमा आला! लुमा आला!"

असं म्हणतात, की पावसाच्या त्या गदारोळातही ती हाक प्रत्येकाला आपल्या दारात उभं राहून मारल्यासारखी ऐकू आली. आवाज लुमाचाच होता. म्हातारा स्वतःचंच नाव घेऊन ओरडत होता. डोंगर फुटला, नदी अडली, वर पळा, हे सगळं सांगायला वेळ लागला असता, आणि कुणी वाद घातला असता. आपल्या नावाचा अर्थ गावाने काय करून ठेवलाय ते त्याला ठाऊक होतं. कुणालाही काही विचारावं लागलं नाही. टोपल्या टाकून, पोरं काखेत मारून अख्खी वाडी देवळाच्या टेकडीवर चढली. नदी आली. लुमाने रचलेल्या गोट्यांच्या बांधाने तिला काही वेळ धरून ठेवलं, मग ती त्यावरून गेली. घरं पडली, माणूस एकही गेलं नाही.

पाणी उतरल्यावर लोक लुमाला शोधायला गेले. त्याच्याशी बोलायला बंदी होती, तरी गेले. झोपडी नव्हती, लुमा नव्हता. डोंगराच्या पोटात गेला असं म्हणतात, नदीने नेला असंही म्हणतात. काठावर फक्त त्याचं टोपलं होतं, गोट्यांनी भरलेलं. एवढा पूर गेला पण ते जागचं हललं नव्हतं.

बाळकोजी मानकरीही आता थकला होता. तो म्हणाला, उचला, देवळात नेऊन ठेवू. दोघांनी उचललं, हलेना. चौघांनी हात लावला. मग गावातल्या सगळ्या बाप्यांनी. टोपलं आपलं तिथेच. तेव्हा काठी टेकत आवडाबाय पुढे आली. तिने टोपल्यातला एक गोटा काढून हातात घेतला आणि म्हणाली,

"त्या साली माझ्या घरामागला झरा आख्खा आषाड गढूळ व्हता. मी बगितलं व्हतं. फडक्यातनं गाळून प्याले, पन कुनाला बोलले न्हाय. पाट बंद करतील म्हनून."

मग एक गुराखी पुढे आला, आता तोही म्हातारा झाला होता. घळीवरची झाडं नदीकडे झुकलेली त्याने पाहिली होती. त्याने एक गोटा उचलला. एकीच्या घराचं दार त्या वर्षी चौकटीत बसेनासं झालं होतं, तिने चौकट तासून घेतली होती. तिने एक उचलला. असे एकेक करून सगळे आले. सगळ्यांत शेवटी बाळकोजी आला. त्याच्या वरच्या कुणग्यांचा दगडी गडगा दर पावसात पोट काढून पुढे यायचा आणि तो गड्यांकडून पुन्हा रचून घ्यायचा. गड्यांना सांगायचा, बाहेर बोलू नका. ज्याने लुमाला मधे उभं केलं होतं, त्याने सगळ्यांसमोर हे सांगितलं आणि शेवटचा गोटा उचलला. त्या दिवशी देवळात सगळे खाली का बघत होते, ते एकमेकांना त्या वेळी कळलं. टोपलं रिकामं झालं होतं. आवडाबायने ते एका हाताने उचललं.

लुमाचं देऊळ आमच्याकडे नाही. बांधावं असं कुणी म्हणालं की दुसरा कुणीतरी म्हणतो, कुठल्या तोंडाने? पण दर वर्षी मिरगाच्या आधी गाव नदीत उतरतो, बायका, बाप्ये, पोरं, आणि दिवसभर गोटे उपसतो. आता जेसीबी मिळतो, तरी आधी हाताने. संध्याकाळी एक टोपलं गोट्यांनी भरून काठावर ठेवतात. मग प्रत्येकाने एक गोटा उचलायचा, "मी बगितलं व्हतं" असं म्हणायचं आणि वर्षभरात काय पाहिलं ते सांगायचं. डोंगरातली भेग, झुकलेलं झाड, गढूळ झालेला झरा, फुगलेला गडगा. काहीच पाहिलं नसेल त्यानेही तेवढे शब्द म्हणायचेच. सांगणाऱ्याला त्या दिवशी रागवायचं नाही. आणि पावसात नदी उतरली, तर काठाला जायचं नाही, जो पहिला बघेल त्याने लुमाचं नाव घेऊन ओरडायचं.

गेल्या वर्षी वरच्या वाडीतल्या महादू घडशीच्या घरी नवी सून आली होती, सुलभा. रत्नागिरीकडची मुलगी, तिला ही रीत नवीन. रांगेत तिचा नंबर आला. तिने गोटा उचलला, ते शब्द म्हटले आणि थांबली. नवीन सून आहे, नुसते शब्द पुरेत, असं म्हणून बायका तिला पुढे सरकवायला लागल्या. ती हलली नाही. खाली बघून म्हणाली, "मागच्या पडवीच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत तडा गेलाय. मामंजींनी त्यावर कॅलेंडर लावलंय."

महादू घडशी तिच्या मागेच उभे होते. मुलाचं लग्न ठरत होतं तेव्हाच त्यांना तो तडा दिसला होता. डोंगरालगतचं घर, भिंत फाटलेली, हे कळलं असतं तर सोयरीक मोडली असती. म्हणजे हिच्याच बापापासून त्यांनी तो लपवला होता. सगळा गाव त्यांच्याकडे बघत होता. त्यांचा चेहरा काळवंडला. आम्हाला वाटलं, आता हे निघून जाणार.

मग ते वाकले आणि त्यांनी टोपल्यातला गोटा उचलला.

"मी बगितलं व्हतं," ते म्हणाले.

त्यांच्या मागे त्यांचा शेजारी होता. तो खाली बघत म्हणाला, त्याच्याही न्हाणीची जमीन फाटलीय. अंधार पडायच्या आत आम्ही सगळे वर गेलो, कॅलेंडर काढलं आणि त्या दोन्ही घरांतली माणसं आणि गुरं खाली शाळेत आणली.